निळे डबे आणि ओले बोंबील

आज सकाळी दार उघडलं तर मतलई सुटलेली. जमिनीकडून समुद्राकडे जाणारा हा वारा कोरडा असतो. ओठ फुटतात, पदर अंगावर राहत नाही, आणि दोरीवरचा बोंबील दोन-तीन दिवसांत खुळखुळायला लागतो. दिवाळीचे कंदील अजून दारांत लटकत असतात तेवढ्यात हा येतो. मी मागे जाऊन वलांडीच्या काठ्या हलवून पाहिल्या. बांबू रोवून त्यांवर दोऱ्या ताणतात ती वलांडी. तिच्यावर आम्ही बोंबील सुकवतो. एक बांबू पावसात बुडाशी कुजला आहे, तो बदलायला हवा. दोऱ्या उतरवून पुन्हा ताणायला हव्यात. ही कामं मी दर वर्षी करते आणि मला ती आवडतात. पण गेली तीन वर्षं हा वारा आला की आधी मनात दुसरंच काही येतं.

त्याला चांगलं नाव देता आलं असतं तर दिलं असतं. पण ते जळणंच आहे.

वाऱ्याच्या मागोमाग नागपूरहून फोनही आला. ह्यांनी तो घेतला आणि मागच्या पायरीवर जाऊन बसले. "हां मॅडम. बोला मॅडम. आमी मजेत." मग हसणं. मग किती मिलिमीटर, कोणता गोंद, पितळेची तार कुठे मिळते. मी दोऱ्या ताणत होते. एक गाठ नको तेवढी आवळली गेली, ती नंतर सुटेना.

आमच्या घरात ह्यांना बोलतं करणं म्हणजे थंडीच्या पहाटे होडीचं मशीन चालू करण्यासारखं. दहा वेळा दोरी ओढावी तेव्हा एकदा धुगधुगतं आणि लगेच बंद पडतं. हे मासेमारीच्या घरात जन्मले, पण होडीत बसले की उलट्या व्हायच्या, म्हणून पुढे बापाने बोईसरला कारखान्यात धाडलं. तीस वर्षं लेथवर उभे राहिले. लोखंडाशी बोलायची गरज पडत नाही. घरी येऊन हात धुवायचे, जेवायचे, आडवे व्हायचे. मुलगी सासरी गेली, मुलगा वापीला नोकरीला लागला, तेव्हापासून तर घरात भांड्यांचाच काय तो आवाज. मला वाटे, ह्यांच्या आत शब्दच कमी असतील. काही लोकांचं असतं तसं. मी त्यात सुख मानून घेतलं होतं. तीन वर्षांपूर्वीच्या त्या हंगामात कळलं की शब्द होते, पुष्कळ होते. फक्त माझ्यासाठी काढलेले नव्हते.

वसुधा मॅडम रिक्षातून उतरल्या तेव्हा मी टोपलीभर ओले बोंबील घेऊन दारातच होते. गोऱ्या, बारीक अंगाच्या, पांढऱ्या केसांचा छोटा अंबाडा, आणि छातीशी दोन बुटांची खोकी धरलेली, कुणी तान्हं मूल धरावं तशी. त्या मूळच्या वऱ्हाडातल्या. यजमान इथे कॉलनीत नोकरीला होते, आणि त्या स्वतः बोईसरला एका कारखान्यात यंत्रांचे नकाशे काढायच्या. यजमान वारले, त्या निवृत्त झाल्या, आता लेकीकडे नागपूरला कायमच्या जायच्या होत्या. होळीनंतर. त्याआधी एक काम राहिलं होतं, आणि ते काम करणारा बारीक हाताचा माणूस म्हणून कुणीतरी ह्यांचं नाव सांगितलं होतं.

खोक्यांत आगगाडीचे डबे होते. सहा. प्रत्येक वीतभर आणि वर एक बोट लांब. निळा रंग, खिडक्यांना आडव्या गजांच्या रेघा, छतावर पंख्याच्या नळकांड्या मुगाच्या दाण्याएवढ्या. सगळे यजमानांनी हातांनी केलेले. मी तोंडात बोट घालून बघत राहिले. हे तर खाली बसून, डोळा डब्याच्या चाकाशी नेऊन बघत होते.

दुखणं एवढंच होतं की दोन डबे जोडले की मधे माझा अंगठा आडवा मावेल एवढी फट राहायची. मॅडम ह्यांना म्हणाल्या, "खऱ्या गाडीत असं असतं का, भाऊ? पाहा नं. एका डब्यातून दुसऱ्यात जाणारा माणूस मधल्या मधे खाली पडेल." ती फट मिटवायची असं यजमान शेवटची दोन वर्षं म्हणत होते. ते राहून गेलं.

मला तेव्हा वाटलं, यात काय मोठं? डबे पुढे सरकवा आणि बांधून टाका. पण तसं नसतं हे मी त्या हंगामात स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून शिकले, कारण मला कुणी बस म्हटलं नाही. सरळ रुळावर डबे एकमेकांना खेटून चालतात. वळण आलं की आतल्या बाजूचे कोपरे एकमेकांवर आपटतात आणि डबे रुळावरून उतरतात. म्हणून बाजारातल्या खेळण्यांना आधीच मोठी फट ठेवतात. ह्या दोघांना हवं होतं ते असं, की सरळ वाटेला डबे जवळ यावेत आणि वळणावर आपोआप थोडे दूर व्हावेत, आणि वळण संपलं की पुन्हा जवळ.

मंगळवारी आणि शुक्रवारी, दुपारी तीनला, त्या यायच्या.

आमच्या पडवीत दोन जुनी दारं शेजारी शेजारी जोडून टेबल झालं. त्यावर लांबट गोल रूळ. पावसाळाभर मी त्या पडवीत जाळी दुरुस्त करायची, हंगामात सुकी मासळी निवडायची. आता तिथे गाडी आली आणि मी मागच्या अंगणात गेले. टेबलाशी दोन स्टुलं होती, एक ह्यांचं, एक मॅडमचं; तिसरं भिंतीशी, हत्यारं ठेवायला. शेजारची पार्वती कुंपणावरून म्हणाली, "तुज्या घरी टेसन झालं ना गो? आता पडवीत जायला तिकीट काडावं लागल तुला." मी हसले. ती हसली. मग ती गेल्यावर मी बोंबलाच्या टोपलीत हात घालून बराच वेळ नुसती बसले.

किती बारीक गोष्टी लक्षात राहतात. हे आठवड्यातून एकदा, रविवारी दाढी करायचे. त्या हंगामात मंगळवारी आणि शुक्रवारी करू लागले. रविवारची सुटली. मॅडमच्या हातांना चंदनाच्या साबणाचा वास यायचा. चहाचा कप घेताना माझ्या हातापासून त्या हात लांब ठेवत असं मला वाटे. कदाचित ठेवत नसतील. दोघांची जवळची नजर गेलेली, म्हणून एकच भिंग आळीपाळीने डोळ्याला लावायचे, आणि मग दोघंही गाल टेबलावर टेकून, रुळाच्या उंचीवर डोळे आणून, डबे वळणावर कसे वळतात ते बघायचे. दोन पांढरी डोकी टेबलावर आडवी, समोरासमोर. मी चहा ठेवून जायची. परत आले की चहावर साय धरलेली असायची.

आणि बोलणं. किती बोलायचे. अर्धा मिलिमीटर घासू का, नको, पाव घासा. ह्या खाचेला कमान द्या, चंद्रकोरीसारखी. मग लेथवरच्या जुन्या गोष्टी, कुणाचं बोट गेलं, कुणी साहेबाला कसं फसवलं. बोईसरच्या फलाटावर उभं राहून गुजरातकडे जाणाऱ्या लांबच्या गाड्या न थांबता धडधडत जाताना बघायला हे रोज कामावरून सुटल्यावर दहा मिनिटं थांबायचे, ते ह्यांनी मॅडमना सांगितलं तेव्हाच मला कळलं. तीस वर्षं! मी घरी भात झाकून ठेवायची आणि समजायची, बस उशिरा आली.

फार पूर्वी एकदा पालघरजवळच्या माहीमला माझ्या माहेरी लग्न होतं. ह्यांच्या स्कूटरवर मागे बसून गेले. वाटेत केळीच्या बागा, पानवेलींचे मांडव, सुरूची झाडं, आणि मी बोलतेय, हे बघा, ते बघा, ह्या शाळेत मी चौथीपर्यंत होते, ह्या विहिरीवर माझी आई पडली होती. हे एकदाच बोलले. "नीट धरून बस." त्या वाटेची आठवण मी कितीतरी वर्षं गोड म्हणून जपली होती. मॅडम आल्यावर ती पण आंबली.

वाईट संशय मला आला नाही. तो आला असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं. मला पडवीतलं तिसरं स्टूल हवं होतं. एवढंच. मला त्या टेबलाशी बसायचं होतं आणि ह्यांनी मला काहीतरी विचारायला हवं होतं. काहीही.

ह्यांनी मला बोलून दाखवलं ते एकच. डिसेंबरचा मंगळवार असेल. मी सुकलेल्या बोंबलांच्या टोपल्या पडवीच्या पायरीशी ठेवल्या होत्या, मासवणकडची माणसं घ्यायला येणार होती. हे दाढी पुसत बाहेर आले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तेवढं सुकं मागं ठेव गो. वास येतो. मॅडमना सवय नाय."

मी टोपल्या मागे नेल्या. तीन फेऱ्या झाल्या. ह्या वासावर तुमची शाळा झाली, तुमच्या बहिणींची लग्नं झाली, असं मला म्हणायचं होतं. म्हटलं नाही. मी कधीच म्हणत नाही. माझं बोलणं सगळं नंतर, मागच्या अंगणात, बोंबलांसमोर होतं.

बोंबील दोरीवर कसा घालतात हे ज्याने पाहिलं नाही त्याला सांगते. एकेकटा बोंबील दोरीवर राहत नाही, निसटतो, तो सगळा पाण्याचा आणि गुळगुळीत. म्हणून दोन घ्यायचे. एकाचा जबडा उघडायचा, त्यात दुसऱ्याचा जबडा आडवा घालायचा, आणि दाबायचं. त्यांचे दात बारीक आणि आत वळलेले असतात, ते एकमेकांत रुततात. मग ती जोडी दोरीवर टाकायची. तोंडं वर दोरीवर, दोन्ही अंगं दोन बाजूंना लोंबती. वारा आला की अंगं हलतात, झुलतात, पण तोंडं सुटत नाहीत. आणि जोडी-जोडीत एका बोटाची जागा ठेवायची. खेटून घातले तर मधे वारा जात नाही, तिथे माल लाल पडून खराब होतो. लहानपणापासून हे केलं. हात आपोआप करतात, डोकं दुसरीकडे जळत असलं तरी.

हयातीचा दाखला द्यायचा राहिला होता म्हणून हे एका गुरुवारी पालघरला गेले. डबे आमच्याकडेच होते, टेबलावर, जुन्या लुंगीखाली झाकलेले. दुपार होती. मी वलांडी भरून आले होते, हात नुसते पाण्याने धुतले होते. पडवीत कुणी नव्हतं. मी ह्यांच्या स्टुलावर बसले नाही. मॅडमच्या स्टुलावर बसले.

लुंगी काढली. तोवर सहांतल्या दोनच डब्यांना नवी जोडणी झाली होती. पोटाखाली पितळेची पट्टी, तिला चंद्रकोरीची खाच, खाचेत सरकणारा दांडा. दांड्याच्या टोकाला एकाला आकडा, दुसऱ्याला कडी. मी ते दोन डबे ओढून पाहिले. कडीत आकडा खुळखुळत होता. खाच कितीही चांगली असली तरी ओढ लागली की आकडा कडीत मागे सरके आणि फट पुन्हा होई. आठ दिवस दोघं त्या खाचेलाच घासत बसले होते. मी बघत राहिले आणि माझ्या हातांना ते कळलं. माझ्या आधी हातांना कळलं.

मी तंगूस, म्हणजे जाळ्याचा नायलॉनचा धागा, आणलं, बारीकातलं, आणि त्या दोन तोंडांना एकमेकांत घालून आवळून बांधलं. जबड्यात जबडा. मग थांबायला हवं होतं. पण मला चेव आला. मी उरलेल्या चारही डब्यांची तोंडं तशीच बांधली, ज्यांना खाचा नव्हत्या, ज्यांचं अंग अजून ताठ होतं. सहाही डबे एकमेकांना चिकटले. आणि मी मागून हाताने गाडी ढकलली.

सरळ वाटेवर ती गाडी इतकी सुंदर गेली! मधे केस जाणार नाही. एक निळं लांब अंग, सापासारखं. मला वाटलं, उद्या ह्यांनी हे बघावं. आणि खरं लिहायचं तर दुसरंही वाटलं. वळण जवळ आलं तेव्हा माझा हात थांबवता आला असता. मला माहीत होतं पुढे काय होणार. दोन महिने दारात उभी राहून तेच तर ऐकत होते. मी हात थांबवला नाही. ढकललं.

पहिले दोन डबे वळले. तिसऱ्याचा कोपरा चौथ्यात अडकला, चौथा उचलला गेला, तंगूस तुटलं आणि तो टेबलाच्या कडेवरून शहाबादी फरशीवर पडला.

कोपरा फुटला होता, छत निघालं होतं. आणि आत, खिडकीशी, बाकावर काहीतरी बसलेलं होतं. काडीपेटीच्या काडीचा तुकडा असेल, तांदळाच्या दाण्याहून थोडा मोठा. त्याला लाल रंग दिलेला, वर पिवळा ठिपका, डोक्याला काळं. लाल लुगड्यातली बाई. बाकीचा डबा सगळा रिकामा होता. मी दुसऱ्या डब्यांत खिडक्यांतून भिंग लावून पाहिलं. कुणी नव्हतं. अख्ख्या गाडीत एकच बाई बसली होती.

मला आधी भीती वाटायला हवी होती. त्याच्या आधी जळणं आलं. मरून गेलेल्या माणसाने बायकोला खिडकीची जागा देऊन ठेवली होती. कुणाला दिसणार नाही अशी. आणि मी माझ्याच पडवीत दुसऱ्याच्या स्टुलावर चोरून बसले होते.

फाटक वाजलं. मी भराभर तंगूस कापलं, छत ठेवलं, लुंगी टाकली. घाईत पहिल्या दोन डब्यांची गाठ कापायची राहिली.

दुसऱ्या दिवशी शुक्रवार. मॅडमनी लुंगी काढली आणि त्यांचा हात तिथेच थांबला. हे म्हणाले, माझ्याच हातून कडेला राहिला असेल, मांजर आलं असेल. मी स्वयंपाकघराच्या दारात. साखरेचा डबा हातात होता. मॅडमनी ती लाल बाई चिमटीत धरून काढली, रुमालात बांधली आणि पर्समध्ये ठेवली. त्यांचा चेहरा मला दिसत होता. तो मी विसरणार नाही. मग त्यांनी फुटका डबा नाकाशी नेला. बोंबलाचा वास त्याला लागलेला असणार.

त्या काय करताहेत ते ह्यांना कळेना. मग ह्यांची नजर त्या राहिलेल्या गाठीवर गेली. भिंग न घेता त्यांनी गाठ पाहिली, बोटाने उलटी केली.

"ही गाठ हिची हाय," हे म्हणाले. "ही डावखुरी. हिची गाठ उलटी बसते."

लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती. माझी गाठ उलटी बसते हे ह्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मलाच माहीत नव्हतं. माझ्या जाळ्यांकडे हे कधी बघतात असंही मला वाटलं नव्हतं. त्या क्षणी चोरी पकडली गेल्याची लाज आणि हे ऐकल्याचं काहीतरी, दोन्ही एकदम आलं, आणि मला रडायला येईल म्हणून मी आत जायला वळले.

"वहिनी, इकडे या नं," मॅडम म्हणाल्या. आवाज कोरडा होता. त्या रागावलेल्या होत्या आणि त्यांनी ते लपवलं नाही. पण त्यांच्या हातात गाठ मारलेले ते दोन डबे होते. त्यांनी ते रुळावर ठेवले, गाल टेबलाला टेकला, आणि बोटाने हळूहळू ओढले. सरळ वाटेला खेटून. वळणावर दांडे खाचांतून बाजूला सरकले, डबे बोटाच्या नखाएवढे दूर झाले, कोपरे वाचले. वळण संपल्यावर पुन्हा खेटून. त्यांनी पुन्हा केलं. मग पुन्हा.

"आपण खाच घासत बसलो, भाऊ," त्या म्हणाल्या. "हलत होतं ते तोंड." मग माझ्याकडे बघून, "हे तुम्हाला कसं सुचलं?"

मी मागे गेले, टोपलीतून दोन ओले बोंबील आणले, त्यांच्यासमोर जबड्यात जबडा घातला आणि टेबलाच्या वर, पडद्याच्या दोरीवर टाकले. डब्यांवर दोन थेंब पडले. बोंबलांची अंगं हलत राहिली.

"तोंड घट्ट धरायचं," मी म्हटलं. "सैल अंगात पायजे."

मॅडमसमोर मी एका दमात बोललेलं एवढंच. पार्वती असती तर म्हणाली असती, मुकीला वाचा फुटली. हे त्या बोंबलांकडे बघत होते. लेथवरचा माणूस. मग ह्यांनी पाय लांब करून भिंतीकडचं तिसरं स्टूल, ज्यावर हत्यारं असायची, टेबलाशी ओढलं. हत्यारं खाली ठेवली. बस म्हणाले नाहीत. ओढलं फक्त.

पुढचे दोन महिने मी त्या स्टुलावर बसले. कडी आणि आकडा गेले. हे पितळेचे जबडे करायचे, मी ते एकमेकांत बसतात का बघायची आणि बारीक तंगुसाने आवळायची, मॅडम घडीच्या काळ्या कागदाचे भाते करून डब्यांच्या तोंडांना लावायच्या, हार्मोनियमचे असतात तसे. माझ्या हाताला वास येई. कुणी काही म्हटलं नाही. मग माझं जळणं गेलं का? नाही गेलं. जवळून अजून चांगलं दिसतं. मॅडम अर्धं वाक्य बोलायच्या आणि उरलेलं हे पुरं करायचे. माझं अर्धं वाक्य अर्धंच राहायचं. मला जागा मिळाली होती, पण त्या दोघांचं बोलणं आधीच सुरू झालेलं होतं, आणि मधेच चढलेल्या माणसाला आधीच्या गोष्टी कळत नाहीत.

फुटलेल्या डब्याला ह्यांनी कोपरा बसवला. रंग जुळला नाही. नवा निळा जरा उजळ आहे.

होळीच्या आधी मॅडम खोकी न्यायला आल्या. मी कालवणासाठी सुके बोंबील बांधून दिले होते, ते त्यांनी घेतले. रिक्षापर्यंत मी सोडायला गेले. मला म्हणायचं होतं. डबा मीच पाडला, हेच सगळी वाट तोंडात घोळत होतं. मी "मॅडम" म्हटलं आणि पुढे काही येईना.

त्या रिक्षात बसल्या. मग म्हणाल्या, "वहिनी, पडला की पाडला, ते मी विचारणार नाही." त्यांनी खोक्यातून तो डबा काढला, उजळ कोपऱ्याचा, आणि माझ्या हातात दिला. "हा तुमच्याकडे राहू द्या."

ही भेट होती की शिक्षा, मला अजून ठरवता आलेलं नाही. दोन्ही असेल. हे म्हणतात, मॅडमनी आठवण म्हणून दिला. मी हो म्हणते. टीव्हीच्या वरच्या फळीवर तो असतो. मी रोज पुसते. खिडकीतून आत बघितलं की रिकामा बाक दिसतो. लाल बाई नागपूरला गेली, तिच्या गाडीत दुसऱ्या डब्यात बसली असेल. फोनवर गाडीचे व्हिडिओ येतात. पाच डबे, वळणावर उघडतात, सरळ वाटेला मिटतात. हे मला दाखवतात, "तुज्या गाठी बघ, अजून टिकल्यात." तेव्हा बरं वाटतं. मग हे तेच पुन्हा तीन वेळा बघतात, मॅडमचा आवाज ऐकत, आणि बरं वाटलेलं उतरतं.

आज फोन संपवून हे आत आले, ते अजून थोडे हसतच होते. मी दोऱ्या सोडून आत आले होते. त्या न सुटणाऱ्या गाठीने नख दुखत होतं. मी फळीवरचा डबा खाली घेतला, काडीपेटी घेतली आणि ह्यांच्या पुढे ठेवली.

"एक काडी कापून द्या," मी म्हटलं. "एवढीशी."

"कशाला?"

"खिडकीत बसवायची हाय."

ह्यांनी चष्मा लावला. डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. ह्यांना ती लाल बाई आठवत होती का, मला माहीत नाही. "कोण बसणार?"

"मी."

ह्यांनी ब्लेड काढलं, काडी कापली, टोकं घासली, नखावर ठेवून बघितली, पुन्हा थोडी घासली. रंगाची बाटली उघडली, वाळली होती, तीत थेंबभर रॉकेल घातलं. "कुठला रंग?" मी हिरवा म्हटलं. मग छताचे चिमटे काढून ह्यांनी मला आत, खिडकीशी, बसवलं. मान वाकडी झाली ती काडीने सरळ केली. एवढा वेळ हे माझ्याकडे कधी बघत बसले नव्हते. भिंग लावून.

छत परत लावायच्या आधी हात थांबला.

"आन मी?" हे म्हणाले.

शेजारची जागा रिकामी होती. मला दिसत होती. ह्यांनाही दिसत होती.

"तुमी पुढच्या डब्यात," मी म्हटलं.

"पुढचा डबा कुटे हाय? येकच हाय ना."

"बनवा."

बाहेर बोंबलाच्या टोपल्या आल्याची हाक आली म्हणून मी उठले. दुपारभर वलांडी भरली, जबड्यात जबडा, एक बोट जागा, जबड्यात जबडा, एक बोट जागा. वारा चांगला होता. उन्हं कलली तेव्हा पडवीकडे बघितलं तर हे जुन्या दारांवरची धूळ झाडत होते. पुठ्ठा, पट्टी आणि ब्लेड मांडलं होतं. भिंतीकडचं तिसरं स्टूल तिथेच होतं. आता एका स्टुलावर कुणी येणार नाही, तरी ह्यांनी तिन्ही पुसली.

मी हात धुतले नाहीत. तशीच गेले आणि टेबलाशी बसले. ह्यांनी पुठ्ठ्यावर पहिली रेघ ओढली, पट्टी उचलली आणि विचारलं, मधे फट किती ठेवायची.

मी अजून सांगितलेलं नाही.